जोडणीचा उद्देश : पाणी

चिंचखांब वस्तीला प्यायला पाणी नाही, ही गोष्ट तिथल्या एकशे बारा माणसांना आणि चौदा म्हशींना माहीत होती. शासनाला मात्र ती माहीत नव्हती, कारण कोणी ती ऑनलाइन कळवलेली नव्हती.

यात शासनाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. मी स्वतः चौतीस वर्षं अव्वल कारकुनी केली आहे. न कळवलेली गोष्ट घडलेलीच नसते, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? यंदाच्या दुष्काळात टँकरचा नियम बदलला होता. वस्तीला पाणी हवं असेल तर वस्तीतल्या माणसानं रोज सकाळी दहाच्या आत ‘जलहाक’ नावाच्या अॅपवर मागणी नोंदवायची. तीही वस्तीतच उभं राहून, म्हणजे ठिकाण आपोआप नोंदलं जातं आणि लबाडीला वाव राहत नाही. दहापर्यंत मागणी आली नाही, तर सिस्टीम स्वतःहून ‘आज गरज नाही’ असा शेरा मारते. सलग एकवीस दिवस गरज नसली की टँकर बंद होतो आणि वस्तीला टंचाईमुक्तीचं प्रमाणपत्र मिळतं.

चिंचखांब खुलताबादच्या पलीकडं डोंगरांच्या बेचक्यात आहे. तिथं मोबाइलला रेंज येत नाही. त्यामुळं बाविसाव्या दिवशी प्रमाणपत्र आलं. चांगलं जाड कागदाचं होतं. वर वाहत्या नळाचं रंगीत चित्रही होतं.

ते घेऊन मोतीराम औरंगपुऱ्यात माझ्या घरी आले. बरोबर पारूबाई, त्यांच्या मंडळी. मोतीराम म्हणजे पैठण गाडीचे जुने ड्रायव्हर. मी पैठणला नोकरीला होतो तेव्हा अकरा वर्षं त्यांच्याच एसटीनं जाऊन-येऊन केलं. निवृत्तीनंतर ते दोघं वस्तीवर आपल्या घरी राहायला गेले होते.

‘जयभीम, भाऊसाहेब,’ मोतीराम म्हणाले, ‘आम्ही टंचाईमुक्त झालो.’

‘मुक्त झालो म्हंजे मेलोच म्हना की!’ पारूबाई टेकायच्या आधीच बोलायला लागल्या. ‘दोन कोसावरून पानी आनते मी. गुडघे गेले माझे. पोरगं म्हंतंय, वाळूजला फ्लॅटात येऊन ऱ्हा. मी कामून जाऊ? घर माझं हाय, इटा मी वाहिल्या. पन येत्या अमुशापर्यंत टँकर नाय आला, तर म्हैस इकून घराला कुलूप लावायचं, असं ह्यांनी ठरवलंय. तुमी कागदातले मानूस. काय तरी करा.’

मला भरून आलं. निवृत्त माणसाला ‘कागदातले माणूस’ असं कोणी म्हणालं की त्याच्या पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. अमावास्येला बावीस दिवस होते. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, ‘इंटरनेटच हवं ना? मग ते आणू. पण पद्धतशीर आणू.’

मी तुलनात्मक तक्ता केला. त्यात पहिलं नाव अर्थातच ब्रॉडबँडचं होतं, कारण सरकारी नोंदीप्रमाणं चिंचखांबला ब्रॉडबँड तीन वर्षांपूर्वीच पोचलं होतं. मी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. चार किलोमीटरवरच्या ग्रामपंचायतीत भिंतीला एक पांढरी पेटी होती. तिच्यातून निघालेली काळी वायर खिडकीतून बाहेर पडून रस्त्यालगतच्या बाभळीपर्यंत आली होती आणि तिथं वेटोळं करून टांगून ठेवली होती. पेटीला कुलूप होतं.

‘चालू का करत नाही?’ मी ग्रामसेवकांना विचारलं.

‘चालू केली तर बिघडेल ना साहेब. तीन वर्षांत एकदाही बिघडलेली नाही बघा,’ ते अभिमानानं म्हणाले.

दुसरा पर्याय डोंगराचा. मागच्या डोंगराच्या माथ्यावर मोबाइलला रेंज येते, म्हणून मोतीरामांनी दोन दिवस पहाटे चढून मागणी नोंदवली होती. पण माथ्यावर ज्या खडकाशी रेंज येते, तो खडक पलीकडच्या गावाच्या हद्दीत पडतो. अॅप ठिकाणाच्या बाबतीत फार काटेकोर आहे. त्यामुळं त्या दोन्ही दिवशी पलीकडच्या गावाला एकेक टँकर जादा गेला. तिथल्या सरपंचांनी मोतीरामांना आभाराचं पत्र पाठवलं होतं, तेही मी फाइलला लावलं.

राहता राहिलं आकाश. छतावर ताटाएवढी छत्री लावायची आणि थेट उपग्रहावरून इंटरनेट घ्यायचं. मध्ये बाभूळ नाही, डोंगर नाही, मुख्य म्हणजे ग्रामसेवक नाही. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात मी लाल शाईनं ‘शिफारस’ असं लिहिलं.

अशी छत्री देणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस आमच्याच औरंगपुऱ्यात, साड्यांच्या दुकानाच्या माडीवर होतं. तिथं सुयश नावाचा टाय लावलेला तरणाबांड गडी बसला होता. त्यानं वस्तीचं नाव टाकलं आणि मान हलवली.

‘काका, तुमको जरूरतच नै. तुमच्याकडं ऑलरेडी फायबर है. शंभर टक्के जोडलेलं गाव दाखवतंय.’

‘अहो, ते बाभळीपर्यंत जोडलेलं आहे.’

‘बाभूळ गावातच है ना?’

बाभूळ गावातच होती.

‘ब्रॉडबँड नाही असं ग्रामपंचायतीचं लेटर आणा. सिस्टीम उसके बगैर आगे नै जाती,’ सुयश म्हणाला. पोरगा चांगला होता, त्यानं चहाही मागवला.

आम्ही पुन्हा ग्रामसेवकांकडं. ‘नाही’ हा शब्द ऐकून ते दचकले. ‘नाही कसं लिहू? शंभर टक्के जोडणीचं पारितोषिक घेताना माझा फोटो छापून आलाय साहेब. फोटोत मी हसतोय.’ मग दोन कारकुनी डोकी समोरासमोर बसली. चार मसुदे फाडले. अडीच तासांनी दोघांनाही पटणारा दाखला तयार झाला : ‘सदर वस्तीस ब्रॉडबँड उपलब्ध असून, ग्रामस्थांनी त्याच्या जवळ जाण्याचे आजवर टाळले आहे.’

सुयशनं तो दाखला तीनदा वाचला, सिस्टीमला दाखवला, आणि सिस्टीमनं तो घेतला. मात्र मोतीरामांची नोंद ‘हौशी ग्राहक’ म्हणून झाली, म्हणजे एक इंटरनेट असताना दुसरं घेणारा. मोतीराम जरा खूश झालेले दिसले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हौशी कोणी म्हटलं नव्हतं.

‘आता जोडणीचा उद्देश,’ सुयश म्हणाला. ‘शिक्षण, आरोग्य, व्यापार, मनोरंजन, इतर. मनोरंजन टाकतो. सगळे तेच टाकतात.’

‘मुळीच नाही!’ मी टेबलावर हात आपटला. ‘खोटं लिहायचं नाही. इतर टाका.’

‘इतर म्हणजे काय ते लिहावं लागतंय काका. एकच शब्द बसतो.’

‘मग लिहा, पाणी.’

त्यानं माझ्याकडं पाहिलं, पारूबाईंकडं पाहिलं आणि ‘पाणी’ असं लिहिलं. इतका नेमका शब्द मी सबंध नोकरीत कुठल्या रकान्यात भरला नव्हता. त्याचा मला चार दिवस अभिमान वाटत होता.

आठवड्यानं छत्री आली. सुयश स्वतः बसवायला आला. छत्रीला उत्तरेचं उघडं आकाश लागतं, आणि मोतीरामांच्या घरावर उत्तरेला पाण्याची काळी टाकी होती. दीड महिन्यापासून कोरडी ठणठणीत.

‘टाकी हटानी पडेगी,’ सुयश छतावरून ओरडला.

‘टाकी काढायची?’ पारूबाई खालून ओरडल्या. ‘आन् उद्या पानी आलं तर?’

‘पाणी यावं म्हणूनच काढायची, पारूबाई,’ मी समजावलं.

मग पदर खोचून त्यांनीच मोतीरामांना शिडी धरली. टाकी खाली आली, छत्री वर गेली, आणि साडेतीन मिनिटांत चिंचखांबच्या इतिहासात प्रथमच मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा उमटल्या. टाळ्या वाजल्या. एका म्हातारीनं छत्रीकडं बघून विचारलं की हिच्यात पाणी साचायला किती दिवस लागतील. मी तिला प्रक्रिया समजावून सांगितली. ती म्हणाली, ‘व्हय का? बरं.’

आता अडचण एवढीच होती, की ‘जलहाक’वर मागणी कुटुंबवार करावी लागते. प्रत्येक घराचा मोबाइल, प्रत्येकाचा ओटीपी, प्रत्येकाचा चेहरा डोळे मिचकावून दाखवायचा. घरं सत्तावीस, वेळ दहापर्यंत. म्हणजे रांग आली. चिंचखांबला रांगेची एक जुनी पद्धत आहे. तिथं माणूस रांगेत उभा राहत नाही, हंडा उभा राहतो. रेशन असो, लसीकरण असो, मतदान असो, आदल्या संध्याकाळी आपला हंडा नंबरला लावून जायचं आणि सकाळी हंड्याशी येऊन उभं राहायचं. हंड्यांवर रंगानं नावं असतात. हंडा खोटं बोलत नाही आणि मध्येच घुसत नाही, त्यामुळं भांडणं होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा मोतीरामांच्या दारापासून समाजमंदिरापर्यंत सत्तावीस हंडे एका ओळीत उभे होते. पारूबाई दारात बसून पुकारा करत होत्या. ‘कडुबा, तुझा नंबर. डोळे मिचकाव. लई नको मिचकावू, एकदाच म्हंतंय ते.’ नऊ वाजून पन्नास मिनिटांनी सत्ताविसावी मागणी नोंदली गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्या दिवशी वस्तीत आलेलं तेवढंच.

टँकर बंद झालेल्या वस्तीतून मागणी नोंदली की चोवीस तासांत अधिकाऱ्यानं जागेवर येऊन खातरजमा करायची, असा नियम आहे. आणि नियम पाळला गेला, हे मी मुद्दाम सांगतो. दुसऱ्या दिवशी मनस्विनी मॅडम स्वतः आल्या. वय तिशीच्या आत, चेहरा उन्हानं करपलेला, चौसष्ट वस्त्यांची जबाबदारी एकटीवर. मागणी रोज नोंदवायची असल्यानं हंड्यांची रांग त्याही दिवशी लागलेली होती. मॅडमनी मोबाइल काढून रांगेचा फोटो घेतला.

‘वा, इथं नेटवर्क मस्त आहे,’ त्या म्हणाल्या. ‘नाहीतर फोटो चढवायला मला तालुक्याला परत जावं लागतं.’

फोटो चार सेकंदांत चढला. अॅपनं तो स्वतःच तपासला आणि अहवाल दिला. मॅडमनी मला तो दाखवला. छायाचित्रात हंडे आढळले. हंड्यांची रांग आढळली. रांगेचा रोख मोतीराम यांच्या घराकडे. सदर घरी सुरू असलेली जोडणी : एक. जोडणीचा उद्देश : पाणी. निष्कर्ष : सदर ठिकाणी पाणीवाटप केंद्र सुरळीत सुरू आहे.

‘मॅडम,’ मी म्हणालो, ‘ते हंडे रिकामे आहेत.’

‘रिकामेच असणार ना काका. भरलेले हंडे घेऊन रांगेत कोण उभं राहतं?’

‘पण पुढं पाणी नाही.’

‘मग रांग कशाची आहे?’

‘पाणी नाही हे कळवायची.’

मॅडमनी मोबाइल खाली केला. त्यांना सगळं कळत होतं, हे मला दिसत होतं. त्यांनी रिकाम्या टाकीकडं पाहिलं, पारूबाईंच्या सुजलेल्या गुडघ्यांकडं पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, ‘मला डोळे आहेत हो. पण माझ्या डोळ्यांसाठी अॅपमध्ये रकाना नाही. तुम्ही हरकत घ्या.’ एवढं बोलून त्या पंचेचाळिसाव्या वस्तीकडं गेल्या.

हरकत घेणं हा माझा प्रांत. मी घरी येऊन साडेतीन पानांची हरकत लिहिली. अॅपमध्ये दोनशे अक्षरं बसतात, म्हणून ‘सविनय’पासून ‘वस्तुस्थिती अशी की’पर्यंतच गेली. उत्तर लगेच आलं : ‘आपली हरकत लोकसहभागातून पडताळणीसाठी पाठवण्यात येत आहे. जिल्ह्यातील सुजाण नागरिक तीन दिवसांत निर्णय देतील.’

सुजाण नागरिक म्हटल्यावर मला धीर आला. मी मोतीरामांना फोन केला, आता तिकडं वायफायवरून फोन लागत होता. ‘काळजी करू नका. साहेबलोक चुकतील, मशीन चुकेल, पण निर्णय आता माणसांच्या हातात गेलाय.’

‘आमालाबी इचारतील का?’ मागून पारूबाईंचा आवाज आला.

नियम बघितले. वस्तीतल्यांना विचारणार नव्हते. पाण्यात त्यांचे हितसंबंध गुंतलेले होते.

त्या तीन दिवसांत मला वस्तीवर जाता आलं नाही. आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं आणि नेमका तो आठवा दिवस मध्ये आला. शहर चारी दिशांना वाढतंय, बारा-बारा मजल्यांचे टॉवर उठतायत, नळाची धार मात्र रोज बारीक होतेय. एकदा पाणी आलं की ड्रम, बादल्या, कुकर, पूजेचा तांब्या, सगळं भरून होईपर्यंत माणसाला बाकी जगाचं भान राहत नाही. तुम्हाला हे सांगायला नको.

चौथ्या दिवशी निकाल आला. ‘चिंचखांब केंद्रावर पाणी समाधानकारकपणे उपलब्ध आहे काय?’ होय : अकरा हजार चारशे आठ. नाही : तीन. हरकत निकाली.

मी सुन्न झालो. तरी अमावास्येला वस्तीवर गेलो, कारण तोंड चुकवणं माझ्या स्वभावात नाही. मोतीराम म्हशीला बाजारात न्यायची दोरी वळत बसले होते. पारूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, पाणी मात्र विचारलं. मी ‘तहान नाही’ म्हणालो.

तेवढ्यात घाटातून हॉर्न ऐकू आला.

पारूबाईंनी मान वर केली. ‘टँकरचा हाय,’ त्या म्हणाल्या. एकतीस वर्षं गाडी चालवलेल्या मोतीरामांनीही कान दिला. ‘एक नाय, तीन हायेत.’ बघता बघता सगळी वस्ती हंडे घेऊन धावली. पारूबाई सुजलेल्या गुडघ्यांनी सगळ्यांच्या पुढं. ‘भाऊसायेब, आले की हो! तुमचा कागद पोचला!’ असं म्हणून त्या रडायलाच लागल्या, आणि मीही लाज सोडून रडलो. तीन टँकर धुरळा उडवत आले आणि मोतीरामांच्या दारासमोर थांबले.

पहिल्या टँकरमधून फकिरा नावाचा ड्रायव्हर उतरला. त्यानं खांद्यावर जाड पाइप घेतला होता.

‘मावशी, नळ कुठंय?’

‘कसला नळ?’

‘भरायचा. शेजारच्या तीन गावांचे टँकर हायेत. आजपासून चिंचखांब केंद्रावरून भरून न्यायचा हुकूम आलाय.’ त्यानं मोबाइल दाखवला. त्याचंही नेटवर्क मस्त चाललं होतं. ‘समाधानकारक पानी लिहिलंय हितं.’

पारूबाईंनी हातातला हंडा हळूच खाली ठेवला. त्यांनी टँकर बोटानं वाजवला. आतून पोकळ आवाज आला. मग त्यांनी डोळे पुसले आणि फकिराला म्हणाल्या, ‘नंबर लावा. आमच्यात नंबराबिगर काय मिळत नाय. हंडा हाय का?’

फकिराकडं हंडा नव्हता. वस्तीचे सत्तावीस हंडे ओळीत लागले आणि त्यांच्यामागं त्यानं डिझेलचा रिकामा कॅन अठ्ठाविसावा लावला. मागच्या दोघांनीही कॅन लावले. रांग कोणीतरी मोबाइलमध्ये टिपली आणि चार सेकंदांत ती वर चढली. संध्याकाळपर्यंत चिंचखांबला जिल्ह्यातल्या सर्वाधिक वर्दळीच्या केंद्राचा मान मिळाल्याचं कळलं.

दुसऱ्या दिवशी मोतीरामांनी घराला कुलूप लावलं. म्हैस आदल्या दिवशीच बाजारात गेली होती. वाळूजची गाडी धरायला दोघं शहराच्या स्टँडवर उतरले, तेव्हा मी भेटायला गेलो. पारूबाईंनी आपला हंडा मांडीवर घेतला होता, त्यात कपडे कोंबलेले. मी म्हणालो, ‘छत्री राहिली का वरच?’

‘ऱ्हाऊ द्या. तिला काय प्यायला लागतंय?’ त्या म्हणाल्या. मग विचारलं, ‘भाऊसायेब, मला एक सांगा. ती अकरा हजार मान्सं कोन हो? आमची वस्ती त्यांनी कवा बघितली? त्यांचं मी काय केलं होतं?’

‘असतील कोणी शहरातली,’ मी म्हणालो. गाडी लागली. मी त्यांचा हंडा वर चढवून दिला.

घरी येऊन, का कोण जाणे, मी मोबाइलमधले जुने मेसेज उघडले. आठव्या दिवशीचा, म्हणजे नळाला पाणी आलं होतं त्या सकाळचा एक मेसेज सापडला. ‘सुजाण नागरिक, चिंचखांब केंद्रावर पाणी समाधानकारकपणे उपलब्ध आहे काय?’ खाली माझं उत्तर होतं. होय.

मला आठवलं. ड्रममध्ये पाइप धरलेला, दुसऱ्या हातात मोबाइल. मला पाणी सोडणाऱ्याला फोन लावायचा होता, धार बारीक झाली म्हणून. पण तो प्रश्न स्क्रीनवरून हटत नव्हता. ‘होय’ मोठं आणि हिरवं होतं. ‘नाही’ दाबलं की कारण लिहावं लागत होतं. माझे हात ओले होते.

तर पारूबाईंच्या प्रश्नाचं एक उत्तर मला सापडलं. उरले अकरा हजार चारशे सात. तो मेसेज जिल्ह्यात सगळ्यांना आला होता, तुम्हालाही आला होता. तुम्ही काय दाबलंत ते तुम्हाला आठवत नसेल, तर होयच दाबलंत. ‘नाही’ दाबणाऱ्या तिघांना ते आठवतंय, कारण त्यांना कारण लिहावं लागलं होतं.